तिरकी नजर

आमच्या चिरंजीवांना शाळेत ‘नेत्र’ विमानावर पाच मिनिटं बोलायचं होतं. त्यांनी विचारलं, “बाबा, रडार म्हणजे काय हो?” मी पडलो बी.कॉम. माझं ज्ञान ‘रड’पाशीच संपतं. पण बापानं ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं, म्हणून वाचायला बसलो. आणि काय सांगू, हे यंत्र आमच्या बँकेतच तयार झालंय, असं वाटायला लागलं!

आता हेच बघा. वरून खाली पाहणाऱ्या रडारकडे डोंगर, झाडं, घरं या सगळ्यांवर आपटलेल्या लहरी परत येतात. त्या गर्दीतून हलणारं तेवढं वेचून काढायचं. आमच्या शाखेत हे काम फार सोपं आहे. तिथे हलतो तो फक्त चहावाला.

मग दिसलेलं विमान आपलं की परकं? नेत्र त्याला सांकेतिक प्रश्न विचारतं. बरोबर उत्तर आलं, तर आपलं. आम्ही सही ताडून बघतो, तसंच. अर्थात सही जुळली नाही म्हणून लगेच कुणी चोर ठरत नाही. माझीच सही माझ्याच बँकेत दोनदा जुळलेली नाही.

सगळ्यात आवडली ती पाठीवरची लांबट पेटी. तिला डावीकडचं 120 अंश दिसतं, उजवीकडचं 120 अंश दिसतं. नाकासमोरचं आणि शेपटीमागचं मात्र दिसत नाही. अहो, हा तर आमचा काउंटर! समोरचं गिऱ्हाईक दिसत नाही, पण शेजारच्या टेबलावर कुणाचा डबा उघडला, ते बिनचूक कळतं.

हसत हसत पान उलटलं आणि थांबलो. नेत्रच्या आधी ‘ऐरावत’ होतं. जुनं अॅव्रो विमान, पाठीवर फिरती तबकडी. 11 जानेवारी 1999 रोजी चाचणीच्या वेळी ते अरक्कोणमजवळ कोसळलं. आठ जण गेले. चार शास्त्रज्ञ, चार हवाई दलाचे. आपण केलेलं यंत्र नीट बघतंय ना, हे पाहायला माणसं स्वतः त्यात बसली होती.

प्रकल्प बंद झाला. आमच्याकडे याला बुडीत खातं म्हणतात. फाइल कपाटावर, आणि कपाटाची किल्ली हरवलेली. पण 2004 मध्ये डीआरडीओच्या त्याच बंगळूरच्या संस्थेला पुन्हा मंजुरी मिळाली. ब्राझीलचं एम्ब्रेअर विमान आणलं, त्यावर न फिरणारी पेटी बसवली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये नेत्र हवाई दलाच्या हाती दिलं. मधे अठरा वर्षं गेली! आम्ही अठरा दिवसांत व्हाउचर विसरतो.

चिरंजीवांना पाच मिनिटं पुरली नाहीत म्हणे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक जुनी फाइल माझ्यापुढे टाकली. “बंद करून टाका हो ही.” मी ती उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. त्या वेळी समोर म्हणे गिऱ्हाईक उभं होतं.

मला दिसलं नाही.