चालत आलात?

मोन्सेर्रातबद्दल फारसं लिहिणार नाही. बार्सिलोनापासून गाडीनं तासाभरावरचा हा डोंगर करवतीच्या दात्यांसारखा उभा आहे (नावाचा अर्थही तोच), वर बेनेडिक्टाइन मठ आहे, मठात काळी मारिया आहे, आणि हे सगळं सुंदर आहे. पण तिच्या हातातल्या गोलाला बोट लावायला मी पाऊण तास रांगेत उभा होतो आणि पुढच्या बाईची सेल्फीची काठी तेवढा वेळ माझ्या नाकासमोर हलत होती. रांगेत माझी भक्ती होत नाही. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेतही माझ्या मनात मारियेपेक्षा पुढच्या माणसाची पाठच जास्त असते.

गेलो होतो ताईमुळे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, वसईत शाळामास्तरीण होती, आणि आई गेल्यापासून आमच्या घरातलं शेवटचं अपील तिच्याकडेच जातं. मुलगा बार्सिलोनात नोकरीला आहे. नातीला सांभाळायला आम्ही नवराबायको जूनमध्ये तिकडे निघालो, तेव्हा ताईनं एकच गोष्ट मागितली. संत इग्नेशियस मोन्सेर्रातहून मान्रेसाला गेला, तेवढी वाट माझ्यासाठी चालून ये. माझे गुडघे आता चर्चच्या पायऱ्यासुद्धा चढत नाहीत. सात तासांचं चालणं आहे, मी वाचलंय.

मी म्हटलं, चालतो. त्यात काय?

ती वाट चालला तेव्हा संताचं नाव इग्नेशियस नव्हतं, इन्यिगो होतं. बास्क घराण्यातला दरबारी माणूस, केसांचा शौकीन, तलवारबाज. 20 मे 1521 रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या येशूचं आणि संतांचं चरित्र वाचलं आणि डोकं फिरलं. पुढच्या मार्चमध्ये तो मोन्सेर्रातला आला. आयुष्यभराच्या पापांचं निवेदन लिहून काढायला त्याला तीन दिवस लागले. 24 मार्चच्या रात्री त्यानं तलवार मारियेच्या वेदीपाशी सोडली, अंगावरचे उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, स्वतः गोणपाट नेसला आणि पहाटे निघाला. दुखरा पाय संध्याकाळी सुजायचा, म्हणून त्याच एका पायात दोरीच्या तळव्याचं पायताण, दुसरा अनवाणी.

तो कोसभर गेला असेल नसेल, मागून माणूस धावत आला. तुम्ही भिकाऱ्याला कपडे दिलेत का? मी दिले, इन्यिगो म्हणाला. भिकाऱ्याला चोर समजून धरलं होतं. ते ऐकून इन्यिगो रडला. त्याच्या चरित्रात पुढे दृष्टान्त आहेत, पोप आहेत, येशूसंघाची स्थापना आहे; मला मात्र सगळ्यात खरा वाटतो तो हा प्रसंग. स्वतःला स्वच्छ करायला निघालेल्या माणसानं पहिल्याच रात्री दुसऱ्याला गोत्यात आणलं.

मी रात्री मठाजवळच राहिलो आणि पहाटे साडेसहाला निघालो. हातात मोन्सेर्रातच्या दुकानातून नऊ युरोंना घेतलेली काठी, पायात नवे बूट. नव्या बुटांबद्दल बायकोनं सांगितलं होतं, ऐकलं नाही. तासाभरात डावी टाच सोलली. रस्त्याकडेच्या दगडावर बसून मोजा काढला, रक्त पाहिलं, आणि तेवढ्यात एक गाडी थांबली. चालवणाऱ्यानं दार उघडलं. मी बसलो. त्यानं खाली स्टेशनवर सोडलं, आणि दहाच्या आत मी मान्रेसात होतो.

गुहा पाहिली. इन्यिगो इथे चार दिवसांसाठी थांबला आणि अकरा महिने राहिला. भीक मागायचा, इस्पितळात रोग्यांची सेवा करायचा, प्रार्थनेला कार्डोनेर नदीच्या वरच्या या कपारीत यायचा. तेव्हा कपारच असणार. आता तिच्यावर भलंमोठं चर्च आहे आणि आत संगमरवर. इथेच त्यानं आपल्या साधनेच्या नोंदी करायला सुरुवात केली. त्या साधनेतून निघालेल्या सोबत्यांतला फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला. आमच्या वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत; लहानपणी तिथे आम्ही लपंडाव खेळलो. तेव्हा या गुहेत माझ्या पोटात काहीतरी हलायला हवं होतं. हललं नाही. टाच ठणकत होती आणि भूक लागली होती.

स्पेनच्या जेवणावर माझा राग आहे. एक तर दुपारी दोनपर्यंत उपाशी ठेवतात. मग पावावर टोमॅटो घासतात आणि टोमॅटो टाकून देतात. आमच्या आजीनं पाव ठेवून टोमॅटो टाकणाऱ्या सुनेला दुसऱ्या दिवशी माहेरी धाडलं असतं. पण जुन्या पुलाच्या अलीकडे एका गल्लीत कागदी टेबलक्लॉथ घातलेली चार टेबलं दिसली, आतून लसणाचा वास आला, आणि मी लंगडत आत शिरलो.

मालकीण माझ्याच वयाची, साठी उलटलेली. पांढरे केस पोरासारखे कापलेले. तिनं आधी माझी काठी पाहिली, मग धुळकट बूट, मग लंगडणं. जवळ येऊन तिनं दोन बोटं त्या कागदावर चालवली, टेबलाच्या त्या टोकापासून माझ्या ताटापर्यंत.

"मोन्सेर्रात? आ पेउ?"

पायी? एवढं कातालान मला बोटांवरून कळलं. आणि मी मान हलवली.

बस. एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही. कुठला, असं तिनं विचारलं, तेव्हा इंडिया म्हटलं. ते तर खरंच होतं. ती वळून काउंटरवरच्या तिघा म्हाताऱ्यांना काहीतरी म्हणाली, त्यात 'पेलेग्री' हा शब्द होता, म्हणजे यात्रेकरू. एकानं माझ्याकडे पाहून वाइनचा ग्लास उंचावला. मीही पाण्याचा उंचावला.

मग आलं ते जेवण. टोमॅटो घासलेला पाव आलाच, पण गरम. वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. मी टोमॅटोबद्दलचं मत निम्मं मागे घेतलं. मग बुतिफारा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज, आणि सोबत चरबीत परतलेले पांढरे घेवड्याचे दाणे. गोव्याच्या चोरिसावर वाढलेल्या जिभेला त्यात ना व्हिनेगर ना मिरची, म्हणजे कपडे न घातलेलं सॉसेज. पण मांस इतकं ताजं होतं की त्याला कपड्यांची गरज नव्हती. तिनं न मागता दुसरं वाढलं. शेवटी मातीच्या वाटीत खरवसासारखं दाट काहीतरी, वर जाळलेल्या साखरेची काच. चमच्यानं ती काच फोडताना मी इतका सुखी होतो की बूट टेबलाखाली काढून ठेवले होते.

पैसे काढले, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि नोटा परत ढकलल्या. काउंटरवरचे तिघे हसत होते. 'ग्रासिएस' म्हणून मी बाहेर पडलो. लंगडणं जरा वाढवलं होतं, हेही इथे लिहून टाकतो.

रात्र येशूसंघाच्या साधनागृहात. पंचवीस वर्षांपूर्वी एका मौनसाधनेत फादरांनी मला इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाची रीत शिकवली. एका वेळी एकच दोष धरायचा. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, किती वेळा घसरलो ते आठवायचं आणि वहीतल्या त्या दिवसाच्या रेघेवर तेवढी टिंबं द्यायची. दुसऱ्या दिवसाची टिंबं पहिल्याशी ताडून पाहायची. आणि घसरल्या क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांत असलो तरी कुणाला कळत नाही. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे आवडणारच. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत.

त्या महिन्याचा माझा दोष होता चिडचिड. मी वही उघडली. सेल्फीची काठी आदल्या दिवसाची. आजचं म्हणजे बुटांवर चिडलो ते एकच. एक टिंब दिलं. महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस. वही मिटली, दिवा घालवला, आणि उशीला डोकं टेकताना ती दोन बोटं कागदावरून चालत माझ्या ताटापर्यंत आली.

खोटेपणाला माझ्या वहीत रेघच नव्हती.

मग सुरू झालं. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं का? तासभर तर चाललोच होतो. 'सगळी वाट' असं तिनं विचारलं कुठे? तिची भाषा मला येत नाही, मग मला प्रश्न कळला होता असं कसं म्हणायचं? आणि ताईला दिलेला शब्द? तो मोडला, की टाचेमुळे माफ झाला? इन्यिगोनं या शंकेखोरीवर लिहून ठेवलंय. वाटेत काडीवर काडी पडून झालेल्या क्रुसावर चुकून पाय पडला आणि माणूस पाप झालं म्हणून झुरत बसला, तर ते पाप नव्हे, तो चळ. त्याला कुणी शिकवलं? याच गावानं. तीन दिवस लिहून केलेलं निवेदन त्याला पुरलं नव्हतं. इथे तो पुन्हापुन्हा तीच पापं उकरत राहिला, खोलीतल्या भगदाडात उडी टाकावी इथपर्यंत आला. मग त्यानं अन्नपाणी सोडलं: देव सोडवत नाही तोवर खाणार नाही. रविवार ते रविवार. पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांना हे कळलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, उपास सोड. अंगात अजून ताकद होती, तरी त्यानं सोडला. दोन दिवस शांत गेले. तिसऱ्या दिवशी शंका परत आल्या, हे तोच प्रामाणिकपणे सांगतो. पण पुढे त्यानं जुनी पापं उकरणंच थांबवलं.

माझ्याजवळ फादर नव्हते. मी ताईला सगळं लिहून पाठवलं, मान, बुतिफारा, टाच, लांबच लांब. ती पहाटे साडेचारला उठते, तेव्हा इथे रात्रीचा एक. उत्तर एकच्या ठोक्याला आलं.

"सकाळी जा आणि तिला सांग. आता झोप."

मी लिहिलं, पण तिला इंग्रजी येत नाही. शिवाय ते तिचं दान होतं, आता सांगून तिला वाईट वाटायचं.

"झोप."

आणि खाली आणखी एक ओळ. "त्याला नुसत्या वह्या दाखवतोस. कधी बोलतोस का त्याच्याशी?"

सकाळी नऊला निघालो. साधनागृहापासून ती गल्ली दहा मिनिटांवर, लंगडत वीस. मला जायचं नव्हतं. मी पुटपुटत होतो, साठीच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं माफी मागायला पाठवतात, ती बाई हसेल, ते तिघे म्हातारे असतीलच बसलेले, आणि तुला काय जातं, तू तर वरून बघणार. पुलाजवळ आलो तेव्हा लक्षात आलं, मघापासून मी येशूशी बोलत होतो. आमच्या कादोडी बोलीत, आणि तेही भांडत. वह्यांत मी मराठी लिहितो.

तिघे होतेच. मालकीण कॉफीच्या यंत्रामागे. मी रात्री फोनमध्ये कातालानमध्ये उतरवून ठेवलेला मजकूर तिच्यापुढे धरला. तिनं डोळे बारीक केले, चष्मा चाचपला, सापडला नाही, आणि फोन काउंटरवरच्या म्हाताऱ्याकडे दिला. कालचा ग्लास उंचावणारा. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पापनिवेदन कुजबुजत करायचं असतं, असं मी साठ वर्षं समजत होतो.

सवयीनं माझा हात छातीवर गेला. मालकिणीनं ते पाहिलं, किंचाळली, खुर्ची ओढली, मला दाबून बसवलं, पाणी आणलं, आणि एक म्हातारा फोन फिरवू लागला. हृदय नाही, हृदय नाही, मी इंग्रजीत, हिंदीत, शेवटी मराठीतही सांगितलं. वाचणारा थांबला नव्हता. 'गाडीत बसलो' हे वाक्य आलं असावं, कारण मालकीण एकदम वळून माझ्याकडे पाहू लागली.

शांतता. मग तिनं पुन्हा ती दोन बोटं काउंटरवर ठेवली. किती?

एक बोट वर केलं. एक तास.

तिनं कानामागचं पेन काढलं. कालच्या जेवणाचे पैसे कागदावर लिहिले, 14. खाली लिहिलं, मोन्सेर्रात, 7. भागाकार केला. एका तासाचे दोन युरो. चौदातून दोन वजा केले आणि खाली दोन रेघा ओढून 12 माझ्यापुढे सरकवले. चौतीस वर्षांत मी इतका स्वच्छ हिशेब पाहिला नव्हता. बारा युरो दिले. तिनं ते गल्ल्यात टाकले, कॉफी ठेवली आणि तिचे वेगळे एक युरो चाळीस घेतले.

ताईला कळवलं. मला वाटलं, शाबास म्हणेल.

"तिचं फिटलं. माझे सहा तास?"

मी नकाशा उघडला. मान्रेसाहून मोन्सेर्रात म्हणजे उलटी दिशा, सगळा चढ. तेही तिला कळवलं. तिनं नुसता अंगठा पाठवला.

मेडिकलच्या दुकानात टाचेला लावायच्या पट्ट्या चांगल्या महाग आहेत.