हजार यार्डांचा रस्ता

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, असे दिवाळीच्या सुट्टीनंतर हाउसमधल्या निदान दहा जणांनी मला विचारले. म्हणून आधी तेच सांगतो. दिसायला ती रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेल्या हँडलची. पण टायर जाड, साधारण ४० मिलिमीटर रुंदीचे आणि खरबरीत. त्यांत हवा थोडी कमी ठेवतात. त्यामुळे डांबर संपून खडी, मुरूम किंवा माती सुरू झाली, तरी चाक उड्या मारत नाही. एक गोष्ट मात्र शिकावी लागते. ज्या दगडावर नजर खिळते, सायकल नेमकी त्याच दगडावर जाते. तेव्हा दगड दिसला की नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर न्यायची.

या सायकलवरून मी माझ्या मामांबरोबर नौशेरा ते राजौरी गेलो. जम्मू-काश्मीरमधला हा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता मनावर तवी नदीच्या खोऱ्यातून जातो. जम्मू शहरातून वाहणारी तवी वेगळी. ही नदी पीर पंजालच्या डोंगरात उगम पावते आणि राजौरी, चिंगस, नौशेरा करत पुढे चिनाबकडे जाते. आम्ही प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे चढाने निघालो होतो. एका हाताला चीडाच्या झाडांचे डोंगर, दुसऱ्या हाताला खाली नदीचे रुंद पात्र आणि पांढरे गोटे. घरांच्या सपाट छपरांवर मक्याची कणसे वाळत होती.

मामा ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या बीआरओच्या दलात, सुपरवायझर आहेत. सध्या त्यांची नेमणूक याच भागात आहे. अखनूर ते पूंछ हा रस्ता रुंद करण्याचे मोठे काम चालू आहे आणि त्यात नौशेऱ्याजवळ सुमारे ७०० मीटरचा बोगदाही आहे. दोन वर्षे मामा दिवाळीला घरी आलेले नाहीत. त्यामुळे यंदा कऱ्हाडजवळच्या आमच्या गावाहून आजीने चकल्यांचा डबा माझ्याबरोबर पाठवला. डबा बांधताना ती म्हणाली, “एवढं तिथं करतो तरी काय, ते बघून ये. गावात कुणी विचारलं की मला सांगता येत नाही. फौजेत म्हणावं तर बंदूक नाही, कंत्राटदार म्हणावं तर पैसा नाही.” आजीचे हे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही, कारण मलाही ते नीट सांगता आले नसते.

नौशेरा हे नाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नाईक जदुनाथ सिंह यांनी याच परिसरातल्या तैनधारवर आपली चौकी राखली आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ब्रिगेडियर उस्मान यांचे नावही याच भूमीशी जोडलेले आहे. पण आम्ही ज्या रस्त्याने जात होतो, त्याचा मानकरी तिसराच आहे : बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० मध्ये ते जवान म्हणून भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी त्यांना हा रस्ता मिळाला. राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हल्लेखोरांच्या हाती पडली होती. तिथे फार मोठी कत्तल झाली. वाचलेले लोक आपल्या सैन्याची वाट पाहत होते. सैन्य नौशेऱ्यात होते, रणगाडेही होते. मधे होता हा रस्ता. शत्रूने चीडाची मोठमोठी झाडे तोडून त्यावर आडवी टाकली होती, मोऱ्या उडवल्या होती, सुरुंग पेरले होते आणि या सगळ्यावर डोंगरातून मशीनगन रोखून ठेवल्या होत्या. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला उतार असला की रणगाड्याला बगल देता येत नाही. पुढचा थांबला की मागचे सगळे थांबतात.

त्या चार दिवसांच्या वेळा राणे यांच्या मानपत्रात दिल्या आहेत. मामांनी त्या एका कागदावर लिहून आणल्या होत्या. ८ एप्रिलला सकाळी ११ वाजता कामाला सुरुवात होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. राणे यांच्या तुकडीतले दोन जण ठार आणि पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळणी केली आणि दिवसभर ते रणगाड्यांच्या जवळच राहिले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची धार आपल्या हाती आली. मग रात्री १० वाजेपर्यंत ते रणगाड्यांसाठी पर्यायी वाट काढत होते. ९ तारखेला सकाळी ६ पासून दुपारी ३ पर्यंत तेच काम. वाट तयार झाली, तुकडी निघाली. अर्धा मैल गेल्यावर आडवी झाडे. ती उडवली. ३०० यार्डांवर पुन्हा झाडे. मग फोडलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे आणि त्यांच्याभोवती सुरुंग. अंधार पडला म्हणून तुकडी थांबवली गेली. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच झाडांपाशी होते.

साडेसहाला तो अडथळा दूर झाला. पुढचे १,००० यार्ड अडथळ्यांनी आणि फोडलेल्या भरावांनी भरलेले होते. ते मोकळे व्हायला साडेदहा वाजले.

चिंगसच्या अलीकडे एका खडीच्या चढावर मी सायकलचा मीटर शून्यावर आणला. १,००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. मी कसून पॅडल मारले. धाप लागली, मांड्या भरून आल्या, दोनदा मागचे चाक घसरले. मीटरने ९१४ दाखवले तेव्हा पाच मिनिटेही झाली नव्हती. वर थांबून मी मागे वळून पाहिले. सगळा चढ एका नजरेत मावत होता. एवढ्याशा अंतराला चार तास, तेही गोळीबारात आणि अंगावर जखम असताना.

मामा मागून आले आणि म्हणाले, “आता हेच अंतर चालत जा. आणि प्रत्येक पावलाआधी जमीन तपास.”

त्या काळी सुरुंग शोधताना जवान संगिनीचे टोक जमिनीत तिरके खुपसत. सरळ खुपसले तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर दाब देईल, तिरके गेले तर त्याच्या बाजूला लागते. लागले की हाताने माती बाजूला करायची. हे काम जोरात करता येत नाही. आणि मागे रणगाड्यांची रांग उभी असते, त्याच्या मागे रसद, आणि पुढे राजौरीतली माणसे. एक सुरुंग नजरेतून सुटला तर रस्ता बंद. फार वेळ लावला तरी त्याची किंमत कुणीतरी मोजणारच. शाळेत आपण वेग स्टॉपवॉचवर मोजतो. ऑब्स्टॅकल कोर्सला जो आधी पोचतो तो जिंकतो. राणे यांनाही घाई होतीच, पण हात मात्र सावकाश चालवायचे होते. हे एकाच वेळी कसे जमते, याचा विचार करत मी पुढचा अर्धा तास सायकल चालवली.

त्या दिवशी रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. आम्हीही थोडे अंतर पात्राकडे जाणाऱ्या गाडीवाटेने गेलो. मामांचा नियम एकच होता : मळलेली वाट सोडून चाक बाहेर घालायचे नाही. सीमेजवळच्या मुलखात हा नियम आजही पाळावा लागतो. खाली गोट्यांवर सायकल ढकलतच न्यावी लागली.

चिंगसला मोगलांची जुनी सराई आहे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा वारला, तेव्हा त्याची आतडी इथे पुरली, असे सांगतात. गावाचे नावही त्यावरूनच पडले म्हणे. सराईच्या भिंतीच्या सावलीत आम्ही आजीच्या चकल्या खाल्ल्या. मी मामांना विचारले, “रस्ता पूर्ण झाला की त्यावर तुमचं नाव लागतं का?”

“नाही रे. बरा रस्ता असला की तो कुणी केला हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. गाडी अडली की मग आमची आठवण.” त्यांनी डबा बंद केला. “आठवण येऊ नये असंच काम करायचं असतं.”

राणे यांच्याबरोबरच्या त्या दोघांचा मानपत्रात फक्त आकडा आहे : दोन. बॉम्बे सॅपर्समध्ये मराठी मुलखातली मुले पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहेत. ते दोघे कुठल्या गावचे असतील, असे माझ्या मनात येत राहिले. त्यांच्याही घरी कुणीतरी, आमचा मुलगा तिथे नेमके काय करतो, असे विचारत असेल.

आम्ही दुपारी उशिरा राजौरीत पोचलो. १२ एप्रिल १९४८ रोजी आपले सैन्य इथे आले, तेव्हा शहराची पार वाताहत झालेली होती. आता तिथे गजबजलेला बाजार आहे, शाळेची बस आहे, मिठाईची दुकाने आहेत. तिथूनच मी आजीला फोन केला. तिला सांगितले, “आजी, मामा वाट मोकळी करतात. बाकीचे त्यावरून जातात.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “चकल्या मऊ नव्हत्या ना पडल्या?”

राणे मेजर म्हणून १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. परमवीरचक्र मिळवणाऱ्या २१ वीरांची माहिती आपण सामान्यज्ञानासाठी पाठ करतो : नाव, पलटण, तारीख. राणे यांच्या बाबतीत मी आता वेळाही पाठ केल्या आहेत. त्यांतली शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ११ एप्रिलला सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. राणे मात्र त्या रात्री १० वाजेपर्यंत पुढच्या रस्त्यावर काम करत होते, कारण राजौरी अजून पुढे होती.