नेकारकाठचे ओबर्नडॉर्फ : पोलादावरचे खरे-खोटे शिक्के

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे होर्ब गाव मागे टाकते आणि नेकार नदीची सोबत धरते. पुढे मोठी होणारी ही नदी इथे अगदी आपल्या मार्कंडेयसारखी, लहानखुरी. दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर, पलीकडे ब्लॅक फॉरेस्टचा मुलूख. याच वाटेवर, रॉटवाइलच्या अलीकडे, ओबर्नडॉर्फ नावाचे छोटे गाव आहे. रॉटवाइल हे नाव रॉटवायलर जातीच्या कुत्र्यांमुळे आपल्या कानावर असते. ओबर्नडॉर्फ हे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते, आणि तरीही इथे तयार झालेला माल जगातल्या जवळजवळ प्रत्येक रणांगणावर पोहोचला आहे. हे माउझर रायफलींचे गाव.

स्टेशन खाली नदीकाठी आणि जुने गाव वर डोंगराच्या खांद्यावर. नदीकाठच्या भागात ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ होता. मठ बंद झाल्यावर १८११ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या राजाने तिथे बंदुकांचा कारखाना घातला. जिथे प्रार्थना होत होत्या तिथे नळ्या घासल्या जाऊ लागल्या! पुढे याच कारखान्यातल्या कामगाराच्या घरी जन्मलेल्या विल्हेल्म आणि पाउल माउझर या भावांनी १८७४ मध्ये तो विकत घेतला. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली त्यांची रायफल पन्नास वर्षे जगभर वापरली आणि नकलली गेली. आज मठाच्या इमारतीत नगरपालिका आहे आणि मठाच्या चर्चमध्ये गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. जवळच ‘श्वेडेनबाऊ’, म्हणजे स्वीडनची इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनने दिलेल्या रायफलींच्या मोठ्या मागणीवरून हे नाव पडले. गावाचे शस्त्रसंग्रहालय याच इमारतीतले.

भारताशीही या गावाचा एक धागा आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० गोळ्या पळवल्या. ती पिस्तुले ओबर्नडॉर्फची. प्रत्येकावर क्रमांक होता आणि ते क्रमांक कंपनीच्या दप्तरी नोंदलेले होते. पुढे जिथे पिस्तूल सापडे, तिथे पोलीस क्रमांक जुळवून पाहत. पोलादावरचा आकडा साक्ष देतो, तो असा.

आज याच साक्षीचा बाजार मांडला गेला आहे.

छोटा तुकडा, मोठी किंमत

दुसऱ्या महायुद्धात जर्मन नेमबाजांच्या माउझर रायफलींवर दुर्बीण बसवत. ही दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारी पोलादी बैठक म्हणजे ‘माउंट’. वस्तू तळहाताएवढी, पण दुर्बिणीच्या रायफली साध्या रायफलींच्या मानाने फार थोड्या, आणि त्यांतल्या टिकल्या त्याहून थोड्या. त्यामुळे संग्राहकांच्या ऑनलाइन लिलावात नुसत्या माउंटला कित्येकदा अख्ख्या साध्या रायफलीपेक्षा जास्त पैसे पडतात. जिथे पैसा, तिथे नकला आल्याच.

खऱ्याची पारख करायची तर आधी शिक्क्यांची भाषा समजून घ्यावी लागते. युद्धकाळात कारखान्यांची नावे न लिहिता सांकेतिक अक्षरे मारत. ओबर्नडॉर्फच्या माउझरची खूण ‘बीवायएफ’, झूल गावच्या झाउअर कंपनीची ‘सीई’, वायमारच्या गुस्टलॉफची ‘बीसीडी’. रायफलीवर अक्षरांखाली वर्षाचे शेवटचे दोन आकडे. शिवाय सैन्याच्या तपासनिसाचा गरुडाचा ठसा आणि त्याखाली क्रमांक. ओबर्नडॉर्फच्या मालावर तो १३५. रायफलीचे क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होत आणि पुढच्या प्रत्येक गटाला एक अक्षर जोडले जाई. म्हणजे नुसता आकडा पुरेसा नाही. आकडा, अक्षर, कारखाना आणि वर्ष ही चारही मिळून त्या रायफलीची ओळख होते.

आता लिलावातले छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. माउझरने ‘बीवायएफ’ ही खूण १९४१ पासून वापरली. त्याआधी ‘४२’ हा अंक असे. तेव्हा ‘बीवायएफ’खाली १९३८ साल दिसले, तर पुढे पाहायची गरजच नाही. तसेच माउंटच्या प्रकाराचे. बुटक्या बुरुजाचा माउंट प्रामुख्याने ओबर्नडॉर्फचा, उंच बुरुजाचा झाउअरचा, तर बाजूला लांब पट्टी असलेला गुस्टलॉफचा. एकाचा माउंट आणि दुसऱ्याची खूण अशी जोडी दिसली की शंका घ्यावी. आखूड पट्टीचा माउंट तीन मोठ्या स्क्रूंनी आणि दोन निमुळत्या पिनांनी बसवत. पुढे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून बारीक स्क्रूही जोडले गेले. पिनांची भोकेच नाहीत, किंवा आहेत पण त्यांत कधी पिन बसल्याची खूण नाही, असे माउंट लिलावात ‘युद्धातून आलेले’ म्हणून मांडलेले असतात.

फौंड्रीवाल्याची नजर

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत चार वर्षे काढलेल्या माणसाला ही पारख शिकवावी लागणार नाही. अस्सल माउंट पोलादाच्या तुकड्यातून मशीनवर कोरून काढलेला. त्याच्या कडा स्पष्ट, आतल्या कोपऱ्यांत कटरचे माग. स्वस्त नक्कल ओतीव. तिच्या अंगावर बारीक खडबडीतपणा, कडा गोलसर, आणि नीट पाहिले तर साच्याच्या दोन भागांमधली सांध्याची रेघ घासून काढल्याची खूण.

शिक्क्याचेही तेच. पोलादी ठसा हातोडीने मारला की धातू कडेला सरकतो आणि अक्षराभोवती बारीक उंचवटा येतो. ओतीव नकलेत शिक्का साच्यातूनच येतो, म्हणून अक्षरे मऊ, जणू साबणावर उठवलेली. लेझरने कोरलेला शिक्का सगळीकडे सारख्याच खोलीचा. बहुतेक जुन्या भागांवर आधी शिक्का आणि मग काळा-निळा रंग चढे, त्यामुळे अक्षराच्या तळाशीही तोच रंग. जुन्या रंगाला भेदून तळाशी पांढरे धातू चमकत असेल, तर शिक्का काल-परवाचा समजावा.

गंजाकडेही बघावे. खरा गंज वापराप्रमाणे चढतो: हात लागतो तिथे झीज, सांध्यात मळ. मिठाच्या पाण्यात किंवा आम्लात बुडवून आणलेला गंज सर्वत्र सारखा, अगदी जिथे दोन भाग एकमेकांना चिकटून असतात तिथेही. आणि एक गंमत: रायफलीशी क्रमांक तंतोतंत जुळतो म्हणूनही भुलू नये. लढाईत भाग मोडत, दुरुस्तीत दुसरे बसत. न जुळणारा आकडा प्रामाणिक असू शकतो. जुळणाऱ्याला भाव जास्त, म्हणून तोच नव्याने मारला जातो. ‘आजोबांच्या माळ्यावर सापडले’ ही कथा आणि मुद्दाम अंधूक काढलेली छायाचित्रे, ही तर या बाजाराची जुनीच ओळख.

शिक्क्यामागचे हात

हे सारे हौशी श्रीमंतांचे भांडण, आपल्याला काय त्याचे, असे वाटणे साहजिक आहे. पण ओबर्नडॉर्फमध्ये फिरताना तसे वाटत नाही. युद्धकाळात या कारखान्यात पोलंड, रशिया, हॉलंड, फ्रान्स अशा देशांतून आणलेले हजारो वेठबिगार राबत होते. आज गावाचाच भाग असलेल्या आइस्टाइग येथे ‘कामाचे वळण लावण्याची’ छावणी होती. नाव शिक्षणाचे आणि काम छळाचे. एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच सैन्य आले, यंत्रे उचलली गेली, कारखाना मोडला, बरीचशी कागदपत्रे नष्ट झाली. १९४९ मध्ये माउझरच्याच तीन माजी अभियंत्यांनी इथे हेक्लर अँड कॉख कंपनी काढली आणि गाव पुन्हा बंदुकांवर जगू लागले.

वह्या गेल्या, उरले ते पोलादावरचे आकडे. त्या काळाची साक्ष देणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. त्यांत खोटे आकडे मिसळणे म्हणजे साक्षीदारालाच खोटे बोलायला लावणे.

बेळगावकरांसाठी ही गोष्ट आणखी जवळची आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने काबीज केले आणि त्याच ठाण्यात शत्रूच्या दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. माणगाव तालुक्यातल्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंटोने गावात २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. ‘इटलीच्या आघाडीवरच्या नेमबाजाचा माउंट’ अशी चिठ्ठी लावून परवा ओतलेला तुकडा कुणी विकतो, तेव्हा तो अशाच माणसांच्या मरणावर नफा कमावत असतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि आयातीला परवाना लागतो. तेव्हा संगणकावर बोली लावण्याच्या फंदात पडू नये. पाहायचेच असेल तर होर्बहून गाडी पकडावी, ओबर्नडॉर्फला उतरावे, काचेआडचे अस्सल शिक्के डोळे भरून पाहावेत. नंतर मठाच्या चर्चमध्ये थोडे बसावे. बंदुकांच्या या गावातली ती सर्वांत शांत जागा आहे.