खोटी पोथी, खरा उस्ताद

चिनी तलवारबहाद्दरांच्या कादंबऱ्यांत, म्हणजे वूशिया या प्रकारात, दुष्टांचा तोटा नाही. विष घालणारे, मठ पेटवणारे, गुरूच्याच जिवावर उठणारे लोक तिथे पैशाला पासरी मिळतात. शेवटच्या प्रकरणात ते मरतात आणि वाचक पुस्तक मिटून जेवायला उठतो. चिनी साहित्य शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, पण या गर्दीतला एक म्हातारा अजून माझी पाठ सोडत नाही. त्याचं नाव ओयांग फेंग, टोपणनाव 'पश्चिमेचं विष'. तो कपटी आहे, निर्दय आहे, आणि हुशार तर इतका की लेखकालाच त्याला आवरता आवरता नाकी नऊ आले असावेत.

लेखक म्हणजे जिन योंग. जन्म 1924, चीनच्या जजियांग प्रांतातल्या हायनिंगचा. आयुष्य गेलं हाँगकाँगमध्ये, पत्रकारितेत. 2018 मध्ये वारले. ज्या कादंबरीत ओयांग फेंग येतो ती 'गरुडवेधी वीरांची कथा' 1 जानेवारी 1957 पासून 1959 च्या मे महिन्यापर्यंत हाँगकाँगच्या एका दैनिकात रोज थोडी थोडी छापून येत होती. हे ध्यानात ठेवायला हवं. रोजचा मजकूर संपताना वाचकाला उद्याची ओढ लागली पाहिजे, आणि नायक जर सरळमार्गी, डोक्याने जरा मंद असा ग्वो जिंग असेल, तर ती ओढ लावायचं काम खलनायकावरच येऊन पडतं.

काळ तेराव्या शतकातला. दक्षिणेत सोंग घराणं कसंबसं तग धरून आहे, उत्तर जिन घराण्याने गिळली आहे, पलीकडे चंगीझखान उठतो आहे. 'नऊ यिन'ची पोथी नावाचा युद्धविद्येचा एक ग्रंथ आहे. तो मिळवण्यासाठी ओयांगसह पाच महारथी ह्वाशान पर्वतावर सात दिवस सात रात्री भिडतात आणि ताओपंथी वांग छोंगयांग जिंकतो. हा वांग इतिहासातला खरा माणूस, छ्वानजन पंथाचा संस्थापक. लढाई अर्थातच काल्पनिक. पुढे वांग आजारी पडून गेल्याची बातमी येते आणि ओयांग फेंग पोथी चोरायला हजर होतो. तेवढ्यात शवपेटीचं झाकण फुटतं, वांग आतून झेप घेतो आणि एका बोटाच्या आघाताने त्याची बेडूकविद्या मोडून टाकतो. बेडूकविद्या ही ओयांगची खासियत: जमिनीवर दबा धरून बसायचं, गाल फुगवून घशातून आवाज काढायचा, साठवलेली ताकद एकदम सोडायची. महापंडिताला इतकं कुरूप आसन देणं हा जिन योंगचा खट्याळपणा. बाकीचे चौघे लढताना देखणे दिसतात. हा दिसत नाही, आणि त्याला त्याची फिकीरही नाही.

शवपेटीच्या या प्रसंगात त्याचं पुढचं सगळं आयुष्य आलं आहे. ज्याने ओयांगला फसवलं तो लबाड म्हणून प्रसिद्ध नव्हता. संन्यासी माणूस मेल्याचं ढोंग करील हे ओयांगच्या गणितातच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसाचं कपट जगाच्या सचोटीवर उधारीने चालतं. स्वतः तो कोणालाही फसवू शकतो, पण समोरचा सरळ माणूस सरळच वागणार यावर त्याची श्रद्धा अढळ आहे. तो घाव खातो तो याच जागी, आणि एकदा नाही.

त्याचं विष कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. भर समुद्रात त्याच्या जहाजाभोवती शार्क माशांचा तांडा जमतो. आचरट, पोरकट म्हातारा चौ बोथोंग पैज लावतो की हे सगळे मारून दाखव. ओयांग आपल्या काठीवरच्या सापाचं विष काढतो, जेमतेम घोटभर. एका शार्कच्या तोंडात ओततो आणि त्याला पाण्यात ढकलतो. तो मरतो, बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, खातात, मरतात. त्यांना खाणारे मरतात. ज्याने विषारी मांस खाल्लं त्याचं मांसही तितकंच विषारी. थोड्याच वेळात पाण्यावर नजर जाईल तिथवर पांढरी पोटं. पैज जिंकल्यावर ओयांग खुलासा करतो तो शिक्षकाच्या थाटात. रसायनशास्त्राचा मास्तर प्रयोग दाखवून फळा पुसतो तसा.

हे विष आपल्यापुरतं थांबत नाही ही त्याची शेखी, आणि जिन योंगने तीच धरून ठेवली. पुढे ओयांग आणि त्याचा तरुण साथीदार यांग खांग मिळून पीचफुलांच्या बेटावर ग्वो जिंगच्या पाच गुरूंचा खून करतात. त्यांतला एक मरता मरता नायिका ह्वांग रोंगच्या खांद्यावर ठोसा मारतो. तिच्या अंगात काटेरी चिलखत असतं आणि त्या काट्यांवर त्याचं विषारी रक्त राहतं. बऱ्याच प्रकरणांनंतर जियाशिंगच्या एका देवळात यांग खांग तिच्यावर हात उगारतो, तो नेमका त्याच जागी पडतो. ओयांगचं विष एका मेलेल्या माणसाच्या रक्तातून ओयांगच्याच साथीदारात उतरतं. उतारा ओयांगकडेच आहे. पण त्याच घटकेला त्याला कळतं की आपल्या पुतण्याला, ओयांग खेला, मारणारा हाच यांग खांग. तो हात बांधून उभा राहतो.

पुतण्या म्हटलं, पण तो जगापुरता. ओयांग खे हा भावजयीपासून झालेला त्याचाच मुलगा. हा मुलगा बाईलवेडा आणि उथळ आहे, तरी ओयांगचा जीव त्याच्यावर. त्याच्यासाठी सोयरीक मागायला तो सापांचे कळप घेऊन बेटावर जातो. नकार पचवण्याची सवय नसलेल्या माणसाने मुलासाठी मान तुकवावी, हे दृश्य मला त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा जास्त बोलकं वाटतं. यांग खांगने खेला मारलं त्यालाही एक कारण होतं. ओयांगच्या घराण्यात विद्या एकाच वारसाला द्यायची रीत, आणि यांगला ती जागा रिकामी हवी होती. शिष्य करून घेताना ओयांगला मुलाच्या खुन्याचा वास येत नाही. दुसऱ्यांचे डाव ओळखणारं नाक घरच्या उंबऱ्याशी बंद पडतं.

आता पोथी. ग्वो जिंगला ती तोंडपाठ आहे. चौ बोथोंगने ती त्याच्याकडून न सांगता घोकून घेतलेली. ओयांगला हे कळताच तो त्याच्या मागे लागतो: लिहून दे. भिकाऱ्यांच्या टोळीचा प्रमुख होंग छीगोंग ग्वो जिंगला युक्ती सांगतो. बरंचसं खरं ठेव, मधेच उलटं घाल. वर असेल तिथे खाली, हात असेल तिथे पाय. पोरगा आज्ञाधारकपणे तसं लिहितो आणि ओयांग ते छातीशी धरतो. एवढ्या धूर्त माणसाला संशय का येत नाही? उत्तर सोपं आहे. हा मठ्ठ पोरगा एवढं मोठं, एवढं गुंतागुंतीचं लिखाण स्वतःच्या डोक्यातून काढूच शकणार नाही, असा त्याचा हिशेब, आणि तो हिशेब बरोबर आहे! पोरगा ते रचत नव्हताच. त्याने फक्त खऱ्याला उलटं केलं होतं.

शार्कच्या पैजेच्या त्याच जहाजावर मग आग लागते. जळत्या शिडाखाली सापडलेल्या ओयांगला होंग छीगोंग वाचवतो आणि ओयांग त्याच्याच पाठीत बेडूकविद्येचा तडाखा घालतो. उपकाराची फेड अशी करणाऱ्या माणसाबद्दल वाचकाने मऊ पडू नये, याची जिन योंगने घेतलेली ही खबरदारी. तरीही आपण मऊ पडतो, कारण पुढे तो अभ्यासाला लागतो.

पोथी उलटी असल्यामुळे साधना चुकते, श्वास भलतीकडे जातो, अंगात कळा येतात. इथे कोणीही लबाड माणूस पोथीवर संशय घेईल. ओयांग स्वतःवर घेतो. आपलीच कुवत कमी पडते आहे असं मानून तो दुप्पट जोर लावतो. पोथीच्या शेवटी एक न समजणारा भाग आहे. तो मूळ संस्कृत, उच्चारानुसार चिनी अक्षरांत लिहिलेला. कादंबरीत तो उलगडतो यीदंग हा भिक्षू, पूर्वीचा दालीचा राजा, ज्याचा गुरुबंधू भारतातून आलेला वैद्य आहे. ओयांगला यीदंग उपलब्ध नाही. म्हणून तो ह्वांग रोंगला पकडून तिच्याकडून अर्थ वदवून घेतो आणि ती तोंडाला येईल ते सांगते. संस्कृतच्या नावावर काहीही खपवता येतं हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मधे समरकंदचा प्रसंग येतो. चंगीझखानाने 1220 मध्ये ते शहर घेतलं हा इतिहास. जिन योंगच्या कथेत त्या यशात ओयांगचा वाटा आहे, तोही नकळत. ग्वो जिंगने त्याच्याशी करार केला आहे: मी तुला तीनदा जिवंत सोडीन, त्या बदल्यात ह्वांग रोंग हाती लागली तर तिला इजा करायची नाही. ओयांग हसतो, तू मला सोडणार? पण शब्द देतो. मग ह्वांग रोंग पडद्याआडून सापळे लावते. शेवटचा सापळा असा: सरळसोट कड्यावर मेंढ्यांच्या तंगड्या थंडीने गोठवून चिकटवायच्या, त्यांची शिडी करायची, म्हाताऱ्याला माथ्यावर चढू द्यायचं आणि मग शिडी जाळून टाकायची. माथ्यावर बर्फ, खाली दरी. ओयांग शेवटी विजार काढतो, तिची तोंडं बांधतो, हवेने फुगवतो आणि उडी टाकतो. जगातला दुसऱ्यातिसऱ्या क्रमांकाचा योद्धा उघड्या ढुंगणाने आकाशातून उतरतो आणि जगतो! ते पाहून ग्वो जिंगला तंबूंच्या कापडाच्या छत्र्या करून सैनिक शहरात उतरवायचं सुचतं. हा भाग गंभीर समीक्षक टाळतात. मला वाटतं ओयांगची सगळी प्रतिभा त्या विजारीत आहे: लाज नाही, वेळ नाही, उपाय मात्र आहे.

दुसऱ्यांदा ह्वाशानवर सगळे जमतात तेव्हा तो उलट्या विद्येने हातांवर चालत येतो आणि सगळ्यांना हरवतो. पहिला नंबर त्याचा. फक्त तोवर त्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. ह्वांग रोंग त्याला त्याच्याच सावलीशी भिडवते आणि मी कोण, मी कोण, असं ओरडत तो पळत सुटतो. याला बरेच जण पापाची शिक्षा म्हणतात. मला ते पटत नाही. शिक्षाच द्यायची तर खोट्या पोथीने त्याला लुळा करायला हवा होता. जिन योंगने उलट केलं. ज्या साहित्यप्रकारात अस्सल पोथी आणि अस्सल गुरू यांवाचून पान हलत नाही, तिथे एका माणसाने चुकीच्या पोथीवर निव्वळ कष्टाने शिखर गाठलं. ग्वो जिंगकडे खरी पोथी होती, वर चांगले गुरू. ओयांगकडे काय होतं?

जिन योंगने नंतर वेगळ्या जातीचा खलनायकही लिहिला. 1967 ते 1969 मधल्या कादंबरीतला युए बूछ्युन हा 'सज्जन तलवार' म्हणून ओळखला जाणारा पंथप्रमुख तोंडाने नीती बोलत पोथीसाठी वाट्टेल ते करतो. तेव्हा चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती पेटली होती. ही कादंबरी सायगावच्या वर्तमानपत्रांतही छापली जात होती, आणि दक्षिण व्हिएतनामच्या संसदेत सदस्य एकमेकांना युए बूछ्युन म्हणत असत, असं जिन योंगनेच नोंदवलं आहे. युए ओळखीचा वाटतो, कारण तो रोज भेटतो. पण तो अभ्यासकाचा खलनायक. त्याच्याबद्दल लिहिता येतं, जीव लागत नाही. ओयांग दुष्टपणा लपवत नाही आणि दिलेला शब्द, आपल्या मोठेपणापायी का होईना, पाळतो.

20 मे 1959 ला जिन योंगने स्वतःचं 'मिंग पाओ' दैनिक काढलं आणि पहिल्याच दिवसापासून पुढची कादंबरी त्यात सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्याच पानांत वेडा ओयांग डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत येतो आणि एका अनाथ मुलाला मानसपुत्र करतो. ते पोर म्हणजे यांग ग्वो, यांग खांगचा मुलगा. आपल्या मुलाच्या खुन्याच्या मुलाला तो बेडूकविद्या शिकवतो आणि हे त्याला मरेपर्यंत कळत नाही. पुढे ह्वाशानच्या बर्फात होंग छीगोंगशी दिवसेंदिवस झुंजून दोघे थकतात. होंगच्या शेवटच्या डावावर तोड शोधत ओयांग रात्र काढतो, सकाळी ती सापडते, होंग त्याला मिठी मारतो, त्याची स्मृती परत येते आणि दोघे हसत हसत मरतात. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांनी 1994 च्या चित्रपटात वाळवंटातला तरुण ओयांग लेस्ली च्युंगकडून करून घेतला.

ह्वाशानवरच्या मृत्यूचा प्रसंग सुरेख आहे, पण मला तो थोडा स्वस्त वाटतो. होंगला क्षमा करायचा हक्क होता, त्याने केली. पण बेटावर मेलेल्या पाचांचा थोरला गुरुबंधू, आंधळा के जनअ, अजून जिवंत आहे. लहानग्या यांग ग्वोने भांडणात बेडूकविद्येचा एक फटका मारला तेव्हा तो या म्हाताऱ्याने तत्काळ ओळखला होता, आणि त्यावरून ग्वो जिंगच्या घरात एवढा गहजब झाला की पोराला तिथून पाठवून द्यावं लागलं. म्हणजे जिन योंगला के जनअ आठवत होता. ह्वाशानवर मात्र त्याला कोणी बोलावलं नाही.