समुद्राकडे पाठ करून

आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी विचारलं, "फ्रेम करूक एखादो बरो फोटो आसा काय?"

खळ्यात बसलेल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "ह्येच्याकडे असतलो. इतको म्हागाचो कॅमेरो घेतल्यान."

असायलाच हवा होता. नोकरी लागली त्या वर्षीच्या दिवाळी बोनसमधून मी डीएसएलआर घेतला होता. पुण्यात आयटीत लागलेला प्रत्येक दुसरा मुलगा तेव्हा तेच करायचा. नंतरच्या चार वर्षांत दर मे महिन्यात आणि दर गणपतीत तो कॅमेरा गळ्यात अडकवून मी वायरीला घरी आलो होतो. हार्ड डिस्कवर 'मालवण' नावाचा फोल्डर होता आणि त्यात तीन हजारांवर फोटो होते.

माजघरात जाऊन लॅपटॉप उघडला. सिंधुदुर्ग किल्ला सकाळी, सिंधुदुर्ग किल्ला संध्याकाळी, किल्ला होडीतून, किल्ला दांडीवरून. किल्ल्यातल्या चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे ज्या घुमट्यांखाली जपलेत, त्या घुमट्या. तारकर्लीचा सूर्यास्त, देवबागचा संगम, चिवल्याच्या होड्या, वाळूतले खेकडे, जाळ्याची गाठ, नांगराचा गंज. आबा 14 फोटोंत सापडले. 9 फोटोंत पाठमोरे, 2 फोटोंत नुसते हात. उरलेल्या 3 फोटोंत ते कॅमेऱ्याकडे बघत उभे होते, मागे भगवं आकाश, चमकणारा समुद्र, आणि मधे आबांच्या आकाराचा काळा डाग.

ते 3 फोटो घेऊन मी सॉफ्टवेअरमध्ये बसलो. शॅडोजची पट्टी पार उजवीकडे ओढली. मी तेव्हा रॉ काढत नसे, सगळं जेपीईजी. काळ्यातून एक करड्या ठिपक्यांचा चेहरा वर आला. नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते, हेही कळत नव्हतं. त्या काळ्यात माहितीच नव्हती. जी नोंदवलीच नाही, ती परत कुठून आणणार?

शेवटी काका आधार कार्ड घेऊन बाजारातल्या स्टुडिओत गेले, मीही गेलो. स्टुडिओवाल्याने कार्डावरचा फोटो मोठा केला, मागे निळा रंग भरला, शर्टाला कॉलर काढली. काम चालू असताना मी त्याला मोबाइलवर माझे 3 फोटो दाखवले. त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "संध्याकाळचो दर्यावर उभो केलंस मा? थंय सगळ्यांचे असेच येतत."

त्याच्या आवाजात ना टोमणा होता, ना सहानुभूती. रोज बघितलेली गोष्ट त्याने सांगितली होती.

*

असं का होतं, हे मला माहीत होतं. तीच तर लाजेची गोष्ट होती. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओचा त्रिकोण मला तोंडपाठ होता. रात्र रात्र व्हिडिओ बघून मी तो शिकलो होतो, ऑफिसात दोघांना शिकवलाही होता. कॅमेऱ्याचं मीटर समोर किती उजेड आहे हे मोजतं आणि सगळ्या चित्राची सरासरी मधल्या करड्या रंगाच्या आसपास आणायचा प्रयत्न करतं. समोर पाऊण फ्रेम लखलखता समुद्र आणि आकाश असेल, तर कॅमेरा म्हणतो, फारच उजेड आहे, कमी करू. आकाश सुंदर भगवं येतं. मधे उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला काळोख येतो. सरासरी बरोबर, माणूस गायब.

पण सगळा दोष मीटरवर ढकलता येत नाही, कारण मला तेच हवं होतं. मावळतीच्या सूर्यासमोर जाळं फेकणाऱ्या कोळ्याची काळी आकृती, हा फोटो तुम्ही शंभरदा पाहिला असेल, कदाचित काढलाही असेल. तो पहिल्या प्रयत्नात जमतो, म्हणून नवख्याला फार आवडतो. त्यात चेहऱ्याची जबाबदारी नसते. माझ्या इन्स्टावर सगळ्यात जास्त लाइक्स आबांच्या तशाच एका फोटोला होते.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरून बोलावून नेलं होतं. आयुष्यभर रापणीला गेलेला माणूस. त्यांनी हौसेने धुतलेला शर्ट घातला होता. मी म्हटलं, शर्ट नको, जुनी गंजीच बरी दिसेल. पाण्यालगत उभं केल्यावर त्यांनी विचारलं, "माझा तोंड दिसतला मा रे?"

मी डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला होता. न ऐकताच म्हणालो, "हो."

*

पुढचे कितीतरी महिने कॅमेरा बॅगेतच राहिला. मग एकदा मित्रांसोबत विजयदुर्गला गेलो. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गवरून जात होता आणि नॉर्मन लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ त्यासाठी आपली तुकडी आणि कॅमेरे घेऊन इथे आला होता. सूर्याभोवतीच्या तप्त वायूंचा वर्णपट त्यांना टिपायचा होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात कोणी कोणती प्लेट कधी घालायची आणि कधी काढायची, याची युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी आधी कवायत केली होती.

ओट्याजवळ उभा राहून मी विचार केला, आमच्या जिल्ह्यात सूर्याकडे कॅमेरा रोखायला खरं कारण असलेली माणसं ती. त्यांना सूर्यच हवा होता, म्हणून त्यांनी सूर्याची तयारी केली. मला आबा हवे होते. मी तयारी कशाची केली? कॅमेऱ्याची केली, लेन्सची केली, सूर्यास्ताची वेळ दाखवणारं अ‍ॅपही घेतलं. चेहऱ्यावर उजेड कसा पडतो, हे मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आजी होती अजून. तिचाही चेहरा माझ्याकडे नव्हता.

*

पुढच्या डिसेंबरात मॅनेजरशी भांडून महिनाभर घरून काम मागून घेतलं आणि 'घरून' म्हणजे वायरीहून केलं. कॅमेरा पुण्यातच ठेवला. आजी लेन्स बघितली की ताठ बसते, मोबाइलची तिला सवय आहे.

थेट तिच्यावर प्रयोग करायची हिंमत नव्हती, म्हणून सुरुवात नारळावर केली. हसू नका, सोललेला नारळ हा उत्तम मॉडेल आहे. गोल असतो, त्याला तीन डोळे असतात, आणि तो कंटाळत नाही. मी तो पडवीच्या कठड्यावर ठेवायचो आणि मीटिंगांच्या मधल्या वेळात त्याचे फोटो काढायचो. सकाळी 8 ला, दुपारी 12 ला, 4 ला, दिवे लागताना. खळ्यात, माटवाखाली, दारात, माजघरात. आजी दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नोकरी आसा मा रे तुजी अजून?"

त्या नारळाने मला जे शिकवलं, ते असं.

दुपारी खळ्यात डोक्यावरून ऊन आलं की नारळाचे डोळे काळे खड्डे होतात. माणसाचंही तेच होतं. मालवण साधारण 16 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. आणि मी सगळे घरगुती फोटो काढत आलो होतो ते नेमके मेच्या सुट्टीत, जेवणं उरकल्यावर.

तोच नारळ पडवीच्या कडेला, सावलीत पण उघड्या खळ्याकडे तोंड करून ठेवला की तिन्ही डोळे दिसतात. वर छप्पर, समोर उजेड. ऊन अंगावर घ्यायचं नाही, नुसतं समोर ठेवायचं. माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा ही एक गोष्ट जास्त कामाची निघाली, आणि त्यासाठी लागणारी जागा आमच्या प्रत्येक घराला बांधतानाच दिलेली असते.

चिऱ्याची भिंत जवळ असली की नारळाची एक बाजू तांबूस होते, कारण भिंत आपला रंग परत फेकते. दुसरी बाजू अंधारी राहते. त्यावर उपाय मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात मिळाला. त्याचं पांढरं झाकण अंधाऱ्या बाजूला धरलं की तिकडे मऊ उजेड पोचतो. शूटिंगवालेही थर्मोकोलच वापरतात, आमच्या झाकणाला बांगड्याचा वास येतो इतकाच फरक.

मोबाइल नारळाच्या फार जवळ नेला की पुढचा भाग फुगतो आणि कडा मागे पळतात. आपल्या सेल्फीत नाक मोठं का येतं, ते तेव्हा कळलं. दोन पावलं मागे जाऊन 2एक्स लावायचं. मग चेहऱ्यावर बोट टेकवायचं, म्हणजे फोन त्या जागेचा उजेड धरतो, आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह हवं तितकं वर सरकवायचं. मागचं आकाश पांढरं पडलं तर पडू दे. आकाश उद्याही असणार आहे.

*

आठवड्याने नारळ सोडून किनाऱ्यावर गेलो. आमचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सगळे त्याच्याकडे तोंड करून फोटो काढतात, म्हणजे समोरच्याची पाठ उजेडात आणि तोंड सावलीत. मी उलटं केलं. गुडघाभर पाण्यात उतरलो आणि समुद्राकडे पाठ करून किनाऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या बाजूला मी वळलोच नव्हतो. माडांच्या रांगेसमोर रापण ओढणारी माणसं, पाण्याकडे तोंड केलेली, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो भगवा उजेड, ज्याचे मी नुसते आकाशात फोटो काढत आलो होतो. समुद्रही हवा आणि चेहराही हवा असेल तर सकाळी यावं. ऊन माडांमागून येतं, आणि होड्यांतून उतरून आपल्याकडे येणाऱ्यांची तोंडं उजळतात.

मी मोबाइल वर केला तेवढ्यात रापणीतल्या एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, "फोटो मागसून काढ. आधी दोरी धर."

धरली. पाऊण तास ओढली. कीबोर्डवर वाढलेल्या तळहातांची सालं निघाली. बाहेर आली ती बहुतेक तारली आणि थोडे बांगडे. वाटे पडेपर्यंत मी एकही फोटो काढला नव्हता, पण कोण कधी हसतो, कोण नुसता ओरडतो आणि ओढत नाही, हे कळलं होतं. "आता काढ," तोच म्हातारा म्हणाला. मी त्याच्याच पुढे गेलो आणि विचारलं, "तुमचो काढू?" त्याने डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि उजेडाकडे बघितलं. तो आबांसोबत ओढायला असायचा, हे त्याने नंतर सांगितलं.

*

आजीला विचारायला मला आणखी चार दिवस लागले. ती पडवीत बसून कोकमं निवडत होती. मी म्हटलं, आजी, तुझा एक चांगला फोटो काढूया.

तिने मान वर केली नाही. "भिंतीवरचो काढतंस मा?"

नाही, असंच, आठवण म्हणून, असं काहीतरी तोंडापर्यंत आलं होतं. मागच्या वेळी एका प्रश्नाला मी न ऐकता उत्तर दिलं होतं. या वेळी ऐकलं आणि म्हणालो, "होय."

"मगे थांब," म्हणाली. आत जाऊन बराच वेळ आली नाही. आली ती हिरवं लुगडं नेसून, केस ओले करून बसवलेले. शर्ट नको गंजी घाल, असलं काही मी बोललो नाही. पडवीच्या कडेला खुर्ची ठेवली, तोंड खळ्याकडे. चिऱ्याच्या भिंतीपासून जरा दूर. चुलतबहिणीला थर्मोकोल धरायला लावलं. आजीने वास ओळखून नाक मुरडलं आणि बहिणीला हसू आलं, मग आजीलाही. चेहऱ्यावर बोट टेकवलं, उजेड थोडा वर केला. एकूण 22 फोटो काढले आणि सगळे तिला दाखवले. तिने हसण्यातला घेतला नाही. "दात नाय दिसूक व्हये," म्हणाली. हसू संपल्या संपल्या काढलेला एक होता, तोंड मिटलेलं पण डोळ्यांत अजून शिल्लक असलेला. तो तिने घेतला.

हार्ड डिस्कवर ठेवतो, क्लाउडवरही ठेवतो, असं मी सांगू लागलो तर म्हणाली, "तुज्या डिस्कात नको. वेळेर गावाक व्हयो." त्याच स्टुडिओतून मोठा प्रिंट काढून आणला. तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पेटीत, तिने आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या लुगड्यावर ठेवला. पेटी बंद करून परत कोकमं निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 9 च्या कॉलला मी लॅपटॉप उघडला तर खळ्यात आवाज. शेजारची तिघं म्हातारी माणसं माटवाखाली येऊन बसली होती, तेल लावून, इस्त्रीचे कपडे घालून. त्यातले एकजण खिशातून आधार कार्ड काढून मला दाखवत होते. "ह्येच्यात मी चोरासारको दिसतंय रे."

कॉलवर मी सांगितलं, नेटवर्क जातंय, तासाभराने येतो. मग आत जाऊन थर्मोकोलचं झाकण घेऊन आलो.