पंधरा मिनिटांची शांतता

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामगृहाच्या जिन्यावरून घसरून आमचा पाय मोडला आणि डॉक्टरांनी दीड महिना खाली उतरण्यास मनाई केली. खालच्या कार्यालयात स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या संगणकात उतरविण्याचे काम अर्धवट होते. ते अडू नये म्हणून एका जाणकार गृहस्थांनी रिमोट डेस्कटॉपची सोय करून दिली. खालचा संगणक वर आमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर दिसू लागला. सकाळी कारकून त्यावर काम करी, दुपारी आम्ही.

पहिल्याच आठवड्यात व्यत्यय सुरू झाला. जुने, पुसट अक्षर लावावयास वेळ लागतो. वहीवरून मान वर करावी तो जोडणी तुटलेली! पुन्हा आत शिरावे तर उघडे पान नाहीसे झालेले. आम्ही आधी वायफायला दोष दिला; मग संगणक झोपी जात असेल म्हणून त्याच्या झोपेची वेळ ‘कधीच नाही’ अशी केली. फरक पडला नाही.

अशात एक आजी दाखल्यासाठी आल्या. कारकुनाने संगणकात शोधले आणि ‘तुमची नोंद नाही’ असे सांगितले. आजी डोळे पुसत परतल्या. संध्याकाळी हे कानी येताच आम्ही चरकलो. ते नाव आम्ही स्वतः उतरविले होते! पान संपल्यावरच जतन करावयाचे, ही आमची सवय. ते पान जतन होण्यापूर्वीच गेले होते.

गायनवृंदातील एका तरुणास बोलावले. त्याने विचारले, “फादर, पडदा गोठतो, की आधी काही सूचना येते?” आमची नजर सदा वहीवर, आम्ही काय सांगणार? तो घड्याळ लावून बसला. तेराव्या मिनिटाला पडद्यावर सूचना उमटली आणि पंधराव्या मिनिटाला जोडणी तुटली. दोष तारेचा नव्हता, नियमाचा होता.

ग्रुप पॉलिसीतील ‘सेशन टाइम लिमिट्स’मध्ये निष्क्रियतेची मर्यादा पंधरा मिनिटे होती. शिवाय ‘मर्यादा संपताच सत्र समाप्त करा’ हा नियमही चालू होता. नुसती जोडणी तुटली तर खाली उघडलेले काम तसेच जिवंत राहते. सत्र समाप्त झाले की जतन न केलेले सारे जाते. तरुणाने प्रथम वापरणाऱ्याच्या विभागात बदल केला, तो लागू झाला नाही. दोन्हीकडे नियम असल्यास संगणकाच्या विभागातला वरचढ ठरतो. तेथे बदल करताच अडचण मिटली.

मर्यादा मात्र आम्ही पुरती काढली नाही. त्या वह्यांत घराघरांच्या खाजगी गोष्टी आहेत. त्या उघड्या टाकून झोपी जाणे बरे नव्हे. निष्क्रियतेची मर्यादा दोन तास ठेवली, समाप्तीचा नियम बंद केला. आणि आता प्रत्येक नोंदीनंतर आम्ही जतन करतो.

दुसऱ्या दिवशी आजींना निरोप धाडला. त्या आल्या, दाखला हाती घेतला आणि खालूनच मोठ्याने म्हणाल्या, “फादर, मी आहे ना हो वहीत?”

“आहात, आजी,” आम्ही वरून उत्तर दिले. “चूक आमची होती.”