बाकावरचा पाहुणा

मोठ्या शहरात गेले असता तेथील बाक पाहावेत. निराश्रितांविषयी शहराचे मन त्यांवरून कळते. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ साली काँक्रीटचे उतरते बाक बसविण्यात आले, हेतू हा की कोणी त्यांवर निजू नये. २०१४ साली त्याच शहरात एका इमारतीच्या दाराशी लोखंडी खिळे रोवले गेले. लोकांनी धिक्कार केला तेव्हा ते निघाले.

व्हॅटिकनमध्ये आम्हांस निराळा बाक दिसतो. टिमोथी श्मॉल्झ या कॅनडाच्या शिल्पकाराने घडविलेल्या त्या काशाच्या बाकावर कोणी बेघर कांबळे पांघरून निजला आहे. मुख झाकलेले, उघड्या पावलांवरील खिळ्यांचे वण पाहूनच तो कोण हे उमगते. पायथ्याशी एकास बसण्यापुरती जागा मोकळी आहे. २०१६ च्या पवित्र सप्ताहात हे शिल्प परमगुरूंच्या दानधर्म-कचेरीपाशी ठेवण्यात आले.

तेथे केवळ मूर्ती उभारून थांबले नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१५ साली, संत पेत्राच्या चौकातील स्तंभांलगत बेघरांसाठी न्हाणीघरे उघडली. २०१९ साली जवळच्या जुन्या वाड्यात रात्रीचा निवारा झाला.

वाचकहो, आपल्या ख्रिस्तमंदिराच्या ओसरीवर कोणी वाटसरू निजलेला आढळला, तर त्यास उठविण्यापूर्वी त्याची पावले पाहावीत.